नवा गहू पुढच्या वर्षी

आमच्या घरात नवा गहू खायला बंदी आहे. तसा नियम कुठं लिहून ठेवलेला नाही, पण कोठीत मागच्या सालचा गहू शिल्लक असताना नवा कट्टा फोडायचा म्हणजे उधळपट्टी, आणि मागच्या सालचा गहू संपलाय असा दिवस मी जन्मात पाहिलेला नाही. ह्या वर्षीचा छान टपोरा लोकवन मी पुढच्या वर्षी खाणार, तोपर्यंत तो जुना झालेला असणार.

कोठी पत्र्याची, माणसाच्या उंचीची. जळगावात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने जिला मास्टर बेडरूम म्हणून आमच्या गळ्यात मारली, तिथे आता कोठी राहते आणि आम्ही दोघं तिच्या शेजारी ॲडजस्ट करतो. गहू वरून ओतायचा, काढायचा खालच्या तोंडातून, म्हणजे जुनं आधी बाहेर. माझा एमबीए झालेला साडू ह्याला फिफो म्हणतो. आई काहीच म्हणत नाही, ती फक्त कोठीवर टकटक करून आवाजावरून सांगते किती उरलाय.

ह्या सगळ्याच्या मागे ७२ चा दुष्काळ आहे. आई तेव्हा लहान होती, रेशनची लाल मिलो ज्वारी आणि कामावरची सुकडी तिला अजून आठवते. आपण म्हणायचं, आई, खाली किराणा दुकान आहे, फोन केला की पोरगा आणून देतो. त्यावर ती म्हणणार, "घरमा दाना शे ना, मंग काय चिंता शे?" आता ह्यावर काय बोलणार. तिला चिंता नाही हे खरंच आहे, चिंता मला आहे, कारण पोती गच्चीवर मी चढवतो.

आणि कधी? तर एप्रिल-मेमध्ये, पारा ४४ च्या वर असताना, जेव्हा जळगावात कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर निघत नाही. गच्चीवर गहू पसरायचा, मधून मधून पायाने फिरवायचा, संध्याकाळी गोळा करून खाली आणायचा, पण लगेच कोठीत भरायचा नाही, गरम भरला तर आत घाम धरतो, म्हणून रात्रभर हॉलमध्ये पसरून ठेवायचा आणि आपण भिंतीला पाठ घासत बाथरूमला जायचं. मग चाळा, निवडा, एरंडेल चोळा. एरंडेलाचा वास हाताला आठवडाभर राहतो, मोबाईल बोट ओळखत नाही. मग थराथरात कडुलिंबाचा वाळलेला पाला, कापडात बांधलेल्या पारद टिकड्या, आणि सगळ्यावर आईचा हात.

एवढं करून सोंडे होतातच. मी नेटवर वाचलं की सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, अळी आतल्या आत दाणा खाऊन मोठी होते. म्हणजे बाहेरून गहू एकदम टकाटक. मला तर त्या बाईचं कौतुकच वाटलं, पोराला राहायला घर आणि खायला अन्न एकाच दाण्यात, होमलोन नाही काही नाही. आईला सांगितलं तर म्हणे, मंग तीबी साठवनच करस ना. त्यानंतर सोंड्यांविषयी घरात वाईट बोलणं जरा कमी झालंय.

गहू झाला की कुरडया, त्यासाठी परत गहूच तीन दिवस भिजत घालायचे. (चीक गरम असताना वर कच्चं तेल घालून खायला मिळतो, तेवढ्यासाठी मी तक्रार मागे घेतो.) मग ज्वारीचे बिबडे, मग उडदाचे पापड, मग मिरच्या. मसाला कुटून आणला त्या दिवशी अख्खी बिल्डिंग शिंकते आणि एकही माणूस विचारत नाही की काय झालं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मात्र आईचं राज्य आलं. खालच्या दुकानासमोर लाईन लागलेली आणि ही शांतपणे कोठीचं तोंड उघडून सूपभर गहू काढतेय, वर सोसायटीत कोणाला तुरीची डाळ, कोणाला बिबडे वाटतेय. तोंडाने एक शब्द बोलली नाही, नुसती बघायची माझ्याकडे. बोलली असती तर परवडलं असतं.

पुण्याचा भाऊ, जो दर दिवाळीला "कोठी भंगारात द्या" म्हणायचा, तोच आता मे संपला की फोन करतो, दादा जमलं तर मसाला पाठव, बिबडे पण, आणि गहू थोडा, नवा पाठव हां. म्हणजे नवा गहू त्याला, जुना मला! रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कट्टे पाठवायला मीच जातो. तिथला पोरगा आधी विचारायचा काय माल आहे म्हणून, आता गोणी जवळ नेली की एक शिंक देतो आणि डिक्की उघडतो.