बँक नाही म्हणाली? मग ते लिहून घ्या

परवा रात्री एका मित्राचा फोन आला. चार महिने झाले नोकरी जाऊन, डोक्यावर पर्सनल लोन आणि दोन क्रेडिट कार्डं. म्हणाला, अरे हप्ता अर्धा करा म्हणून विचारलं तर सरळ नाही म्हणाले, आता एखाद्या अॅपवरनं लोन काढून हे भरू का? मी म्हटलं थांब बाबा, आधी सांग, नाही म्हणालं कोण?

तर कस्टमर केअरचा पोरगा. आता त्याच्या स्क्रीनवर हप्ता कमी करायचं बटणच नसतं, तो बिचारा नाही म्हणणार नाहीतर काय करणार. मी पण २०२३ मधे हेच केलं होतं, नऊ वेळा फोन, नऊ वेळा तेच उत्तर, आणि मी समजलो की संपलं. तोंडी नाही ला काडीची किंमत नसते हे मला फार उशिरा कळलं. लेखी अर्ज द्या, ब्रँचला आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. महिन्याला किती येतात, घरात किती जातात, किती भरू शकतो, कधीपासून. सोबत नोकरी गेल्याचं पत्र. आणि पोच घ्या!! मला दोन ओळींचा नकार आला होता, पण पुढे लोकअदालतीत मी टेबलावर ठेवला तो तोच कागद.

हां, एक खरं सांगतो, हप्ता कमी करणं बँकेवर बंधनकारक नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपालही तसा हुकूम देत नाही, तो बँकेचा धंद्याचा निर्णय मानतात. पण चुकीचे चार्जेस, वसुलीवाल्यांचा त्रास, तक्रारीला उत्तरच न देणं, यासाठी तो आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर ऑनलाइन लोकपालाकडे, एक पैसा लागत नाही.

माझ्या आईला रात्री पावणेनऊला वसुलीवाल्याचा फोन आला होता. ती घाबरून मला विचारते, "अरे कोण साहेब आहेत, पोलीस पाठवतो म्हणतायत." ऑगस्ट २०२२ चं रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर आहे, वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, नातेवाईकांना त्रास द्यायचा नाही. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार टाकली, पंधरा दिवसांत आईचे फोन बंद. आणि नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, ते दिवाणी प्रकरण. पण चेक बाउन्स झाला तर चेकच्या कायद्याचं कलम १३८, तिथे फौजदारी आहे, ऑटो डेबिट बाउन्सलाही तसाच कायदा आहे, आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून पाकिटं उघडा. मी तीन पाकिटं फ्रीजवर तशीच ठेवली होती, मीठाच्या बरणीखाली, जणू काही न उघडल्याने ती आलीच नाहीत 🤦

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं देत राहिलो. तसं करू नका. घर तारण असेल तर तो हप्ता आधी, कारण तिथे सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टात न जाता घराचा ताबा घ्यायच्या मागे लागू शकते. कार्डाचं व्याज जास्त असतं हे खरं, पण त्यामागे तारण काही नसतं. आणि कर्ज ज्या बँकेत त्याच बँकेत पगाराचं खातं असेल तर तिथली शिल्लक ते परस्पर वळती करून घेऊ शकतात, ते खातं आधी हलवा.

सेटलमेंटचं, म्हणजे थोडं कमी घेऊन कर्ज मिटवायचं म्हणाल तर हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं आणि मग बँकेचा सूर आपोआप बदलतो. मुद्दाम थकवा असं म्हणत नाहीये, आधीच थकलं असेल तर सांगतोय. जून २०२३ पासून प्रत्येक बँकेकडे तडजोडीची बोर्डाने मंजूर केलेली पॉलिसी असायलाच लागते, त्यामुळे "आमच्याकडे असं काही नसतं" हे ऐकून घ्यायचं नाही. मला एजंट म्हणाला होता आज संध्याकाळपर्यंत माझ्या नंबरवर पैसे पाठवा नाहीतर ऑफर गेली. नाही पाठवले. लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय रुपया द्यायचा नाही, आणि द्यायचा तो लोन खात्यातच. सेटलमेंट केली की सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जाच्या रेकॉर्डवर, क्लोज्ड ऐवजी सेटल्ड येतं आणि ते काही वर्षं नडतं, मला अजून नडतंय.

माझं शेवटी मिटलं ते लोकअदालतीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला, केस दाखल झालेली नसली तरी चालतं, फी नाही. बँक तिथेही नाही म्हणू शकते, पण तिथे बसलेल्या बँकेच्या माणसाकडे सही करायचा अधिकार असतो, हा फरक फार मोठा आहे. मात्र सही नीट वाचून करा, त्या निवाड्यावर अपील नाही.

दिवाळखोरीचं पण विचारलं त्याने. २०१६ च्या नवीन कायद्यातला तो भाग साध्या कर्जदारांना अजून लागूच केलेला नाही, त्यामुळे आपल्याला आहे तो जुनाच, मुंबईत १९०९ चा आणि मुंबईबाहेर १९२० चा, ज्यात ५०० रुपये कर्ज असलं तरी अर्ज करता येतो 😄 वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आज दुपारी मित्राने अर्जाच्या पोचेचा फोटो पाठवला. शिक्का आहे, सही आहे, तारीखच नाही. परत पाठवलाय त्याला ब्रँचला.