‘वंश’ म्हणजे मुलगा? नाही

‘वंश या शब्दाचा मूळ अर्थच मुलगा, म्हणून मुलीने वंश चालत नाही’ असा मेसेज फिरतोय. साफ चूक. संस्कृतात वंश म्हणजे आधी बांबू, वेळू. ऋग्वेदात तो उभारलेल्या खांबासारखा येतो. बांबूत पेरावर पेर चढत जातं, पिढ्यांचा अर्थ त्यावरूनच आला असावा. (बासरीही याच बेटातली!)

बृहदारण्यक उपनिषदात ‘वंश’ म्हणून ज्या याद्या आहेत, त्या तर गुरुशिष्यांच्या. त्यातल्या शेवटच्या यादीत बहुतेकांची ओळख आईवरून दिलेली: पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवरची ‘काशिका’ ही टीकाही वंश जन्माने किंवा विद्येने असा दोन्ही तऱ्हेचा सांगते. मुलीला वगळणारी व्याख्या यात कुठेच नाही. ती रूढीतून आली, शब्दातून नव्हे.