आराम करा, म्हणे!

थंडीत पहाटे पळायला उठणं लय अवघड असं सगळे म्हणतात, पण खरं सांगू का, उठणं एवढं काही अवघड नाहीये. अलार्म बंद करायला हात पांघरुणाबाहेर काढावाच लागतो, तो गारठतो, आणि एकदा एक हात गारठला की बाकीच्या अंगालाही मग काय राहिलंय असं वाटायला लागतं. खरी मजा पुढेच आहे. पळणाऱ्या लोकांत एक नियम आहे की बाहेर जेवढं तापमान असेल त्यापेक्षा दहा डिग्री जास्तच आहे असं धरून कपडे घालायचे, कारण पळायला लागलं की अंग तापतं. नियम चांगलाय, फक्त ज्याने केला त्याच्याकडे बहुतेक जीपीएसवालं घड्याळ नसावं. कारण आम्ही सगळे त्या तुटपुंज्या कपड्यांत दिव्याच्या खांबाखाली मनगट आकाशाकडे करून उभे असतो, सॅटेलाइट सापडेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, न मोजलेले मीटर काय कामाचे! तोवर नाक गळायला लागलेलं असतं. पळायच्या हातमोज्यांना अंगठ्याच्या मागे टॉवेलसारखं मऊ कापड लावलेलं असतं ना, ते नाक पुसायला असतं हे कळल्यापासून मी ग्रुपमधे कुणाशी हात मिळवत नाही.

पण थंडीचा खरा घोळ हा की थंडीत पळायला फार छान जमतं. उन्हाळ्यात ज्या वेगाला जीव जायचा त्याच वेगात आता गप्पा मारता येतात, घाम कमी, ठोके कमी, त्यामुळे आख्ख्या ग्रुपचा असा समज होतो की आपण सुधारलो. आपण नाही हो, हवा सुधारलीये! पण हे ऐकणार कोण. आठवड्याचे किलोमीटर एका वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका हे सगळ्यांना पाठ असतं, आणि ते नेहमी दुसऱ्याला सांगायचं असतं. मग महिन्याभरात कुणाची नडगी, कुणाचा गुडघा बाहेरच्या बाजूने, कुणाचा तळवा असं एकेक करून जाहीर व्हायला लागतं आणि पळताना शरीरशास्त्राशिवाय दुसरा विषय निघत नाही. एरवी स्वतःचा रक्तगट न आठवणारी माणसं आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा, कुठून निघून कुठे चिकटतो ते हातवारे करून सांगतात.

माझ्या वाट्याला अकिलीस आला. म्हणजे टाचेच्या वर मागच्या बाजूला हाताला लागते ती जाड शीर. हे दुखणं अत्यंत लबाड आहे. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की आई गं, जिना उतरायचा तर कठड्याला धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. बाहेर पडल्यावर पहिला किलोमीटर लंगडत, थंडी असेल तर दुसराही, आणि मग अंग तापलं की एकदम गायब! काही झालंच नव्हतं जणू. आपण खूश होऊन अजून दोन किलोमीटर वाढवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती शीर सगळं व्याजासकट वसूल करते.

घरी तर काय, सगळेच डॉक्टर. "पळून गुडघे झिजतात" हे सांगणाऱ्या प्रत्येकाला यंदा मी मोठा आनंद दिला, गुडघा नाही टाच आहे म्हटलं तरी त्यांचा उत्साह कमी होईना.

शेवटी फिजिओकडे गेले. तिथे त्या टेबलावर पालथं झोपल्याबरोबर दुखणं अर्थातच निघून गेलेलं. तो बिचारा इथे दुखतं का, इथे दुखतं का म्हणत चाचपतोय आणि मी उगाच अपराधी चेहरा करून, "थोडं डावीकडे... नाही, मगाशी होतं." मग त्याने विचारलं दहापैकी किती दुखतं. आता हा प्रश्न पळणाऱ्याला विचारूच नये. आमच्यात तीन म्हणजे लंगडतोय पण वेग टिकून आहे, पाच म्हणजे वेग पडला, आणि सातच्या पुढचं सगळं रेस झाल्यावर बघू.

"तीन," मी म्हटलं.

"मॅडम, काही दिवस पळणं बंद करा."

"बंद म्हणजे किती?"

"बंद म्हणजे शून्य."

"दिवसाआड शून्य?"

त्याने उत्तर दिलं नाही, कागदावर व्यायाम लिहून दिले. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, दुखऱ्या पायावर सगळा भार देऊन टाच हळूहळू खाली सोडायची, वर येताना दुसऱ्या पायाची मदत घ्यायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन सेट, गुडघा वाकवून तीन सेट, आणि हे दिवसातून दोनदा, म्हणजे रोज 180 वेळा, बारा आठवडे. दुखलं तर? दुखलं तरी चालेल. दुखायचं थांबलं तर? तर पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवायचं. म्हणजे बरं झाल्याची शिक्षा वेगळी.

हा प्रकार निघाला कुठून ते वाचलं आणि माझी सगळी कुरकुर थांबली. हाकान अल्फ्रेडसन नावाचे स्वीडनचे हाडांचे डॉक्टर, स्वतः पळणारे, आणि त्यांचाच अकिलीस दुखत होता. साहेबाला म्हणाले माझं ऑपरेशन करा, साहेब म्हणाला तुला रजेवर पाठवणं परवडणार नाही. तर हे गृहस्थ चिडले आणि ठरवलं की शीर एवढी दमवायची की तुटलीच पाहिजे, मग बघू कसे ऑपरेशन करत नाहीत. रोज टाचा सोडतायत, दुखवून घेतायत, आणि शीर तुटायच्या ऐवजी बरी झाली! मग हाच व्यायाम त्यांनी 15 हौशी पळणाऱ्यांना करायला लावला, ते सगळे परत पळायला लागले, आणि 1998 साली ते रीतसर छापून आलं. मला तर वाटतं हा शोध पळणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लागणंच शक्य नव्हतं, कारण दुखतंय तर अजून जोरात कर हे दुसऱ्या कुणाला सुचेल?

तर मी रोज दोनदा जिन्यात. वरून उतरणारे थांबतात, चढायचंय का उतरायचंय विचारतात. पाठीवर सॅक आल्यावर नवरा म्हणाला, "अगं निघ तरी एकदाची."

त्या दिवसांत माझा स्वभाव काही बरा नव्हता हे मान्य. ग्रुपवर रोज सूर्योदयाचे फोटो यायचे, खाली "वेदर मस्त होतं आज", आणि मी रजई डोक्यावर घेऊन एकेकाचं टाच टेकवण्याचं टेक्निक कसं चुकीचं आहे ते बघत बसायचे. त्यातल्या एकीची नडगी दुखायला लागली तेव्हा मी पहिल्यांदा लाइकचा अंगठा टाकला, मग लक्षात आलं की रडका चेहरा टाकायला हवा होता.

अखेर परवानगी मिळाली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं, बस. अंधार, थंडी, घड्याळाला सॅटेलाइट सापडलेलं, मी पहिलं मिनिट पळाले आणि हुंदकाच यायचा बाकी होता. मग चालायची दोन मिनिटं. तेवढ्यात मफलर गुंडाळून, हात मागे बांधून फिरायला निघालेले एक काका मागून आले, माझ्या बरोबरीला आल्यावर मोठ्या मायेने म्हणाले, "नवीन दिसताय? छान छान. सुरुवातीला दम लागतो, पण रोज येत जा."

मी काही बोलणार तोवर घड्याळाने पिप केलं. मी सुसाट पुढे निघून गेले, आणि दोन मिनिटांत काकांनी मला परत गाठलं.