परदेशातून: घराची अट उताऱ्यावर हवी

२०२१च्या जुलैमध्ये गोवा विधानसभेने भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर केलं आणि भांडण पेटलं ते नावावरून. गोव्यात तीस वर्षं राहिलेला माणूस भूमिपुत्र ठरणार आणि घराखालच्या २५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर हक्क सांगणार, तर मग आम्ही कोण, असं आदिवासी समाजांनी विचारलं. सरकारने नावातला ‘भूमिपुत्र’ काढायची तयारी दाखवली आणि पुढे विधेयकच गुंडाळलं गेलं. २०२४ साली महाराष्ट्राच्या विधान परिषदेत अशासकीय विधेयक आलं, की नव्या इमारतींतली ५० टक्के घरं मराठी माणसासाठी राखून ठेवा. दोन्हीकडे वाद एकाच जागी अडतो: आपला कोण?

कॅनडात व्हिसलरला एवढंच विचारतात, की इथे आठवड्याला किती तास काम करता?

व्हँकुव्हरपासून साधारण १२० किलोमीटरवरचं हे स्कीइंगचं गाव म्हणजे बर्फातलं महाबळेश्वर म्हणा. चांगली घरं बाहेरच्या धनिकांची, वर्षातून काही आठवडे उघडणारी. लिफ्ट चालवणारा, आचारी, नर्स, शाळेतली शिक्षिका यांना बाजारभावाने इथे घर घेणं अशक्य. म्हणून किमान ७५ टक्के कामगार गावातच राहिले पाहिजेत, असं लक्ष्य नगरपालिकेने ठेवलं. १९९० पासून नियम असा, की नव्या हॉटेलने किंवा दुकानाने जेवढे नोकर लागतील त्या हिशेबाने राहण्याची सोय बांधावी, नाहीतर पैसे भरावेत. १९९७ साली व्हिसलर हाउसिंग अथॉरिटी स्थापन झाली. २०१०च्या हिवाळी ऑलिम्पिकचं खेळाडूंचं गाव नंतर याच कामगारांच्या वस्तीत बदललं.

पात्रतेची अट जन्माची नाही, आडनावाचीही नाही. स्थानिक व्यवसायात सरासरी आठवड्याला तीस तास काम, आणि घेतलेल्या घरात स्वतः राहणं. ते पर्यटकांना रोजाने देता येत नाही. खरी मेख मात्र पुढे आहे. ही अट जमिनीच्या नोंदीतच चढवलेली असते. मालक बदलला तरी ती घराला चिकटून राहते, आणि विकताना पहिला हक्क अथॉरिटीचा.

विक्रीची किंमतही सूत्राने ठरते, आणि हे सूत्र त्यांना एका फटक्यात जमलं नाही. आधी किंमत बँकेच्या व्याजदराला बांधली. मग व्हँकुव्हरच्या घरांच्या निर्देशांकाला बांधली, तर तो निर्देशांक इतका धावला की राखीव घरंही कामगाराच्या पगाराबाहेर गेली. शेवटी महागाई निर्देशांकावर आले. महागाई २ टक्के धरली तर ४ लाख डॉलरचं घर दहा वर्षांनी साधारण ४ लाख ८८ हजारांना विकलं जाईल, मग शेजारचं खुलं घर दुप्पट झालेलं का असेना.

म्हाडाच्या सोडतीत लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही. सहाव्या वर्षी ते खुल्या बाजारात जातं, फायदा एका कुटुंबाचा होतो आणि पुढच्या कामगारासाठी पुन्हा नवं घर बांधायचं. याला मी गृहनिर्माण म्हणणार नाही, ही लॉटरीच आहे. (नावही तेच आहे म्हणा.)

व्हिसलरचं सगळंच गोड नाही. प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची. निवृत्त जोडपी मोठ्या घरात राहतात, कारण हे घर विकून आलेल्या पैशात बाहेर कुठेच घर मिळत नाही. हंगामापुरत्या आलेल्या पोराला मालकीचं घर नको असतं, खाट हवी असते. ती मालकानेच द्यावी लागते, आणि मग नोकरी गेली की छप्परही जातं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या स्कीइंगच्या गावात, अ‍ॅस्पेनमध्ये आणखी एक दुखणं दिसलं. १९८०च्या दशकात बांधलेल्या सेंटेनियल नावाच्या, अशाच बांधलेल्या किमतीच्या वसाहतीत भिंतींत पाणी मुरून लाकूड कुजलं आणि सोसायटीच्या दुरुस्ती निधीत पुरेसे पैसे नव्हते. विक्रीची किंमत बांधलेली असली की मालक दुरुस्तीवर हात राखून खर्च करतो. म्हणून दुरुस्ती निधीचा मासिक हप्ता पहिल्या दिवसापासून सक्तीचा हवा.

आता आपल्याकडे. हस्तांतरणावर अट घालायचं साधन महाराष्ट्रात आहेच: भोगवटादार वर्ग २ची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पण २०१९च्या नियमांनी अधिमूल्य, म्हणजे ठरावीक रक्कम, भरून ती वर्ग १, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणारी, करून घ्यायची वाटही दिली. म्हणजे अट घालता येते, फक्त ती पैसे भरून पुसता येते. कामगारांच्या घरांना ही पळवाट नको. महाराष्ट्रात सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर आणि गोव्यात फॉर्म १ व १४ या जमिनीच्या उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात अट कायमची नोंदवा. म्हणजे बँकेला कर्ज देताना आणि खरेदीदाराला खरेदीखतापूर्वी ती दिसेल.

चार हजार चौरस मीटरपुढच्या भूखंडावर २० टक्के छोटी घरं, हा महाराष्ट्राचा नियम मुळात दहा लाखांवरच्या लोकसंख्येच्या महापालिकांपुरताच आखला गेला. महाबळेश्वर, मालवण त्यात बसलेच नाहीत. तिथले वेटर हॉटेलच्या जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली झोपतात.

अडचण येईल ती तास मोजण्यात. व्हिसलरला पगाराची पावती असते. कळंगुटच्या शॅकवरच्या पोराकडे, होडीवाल्याकडे, धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे ती नाही. ई-श्रम कार्ड माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावर निघतं, त्यावरून कामाची जागा सिद्ध होत नाही. जिथे आहे तिथे भविष्य निर्वाह निधीची नोंद, टॅक्सीवाल्याचा बॅज, दुकानाचा परवाना चालेल. बाकीच्यांसाठी दोन मालकांचं लेखी आणि दरवर्षी तपासणी. यात खोटे दाखले निघतील. पण तीस वर्षांच्या वास्तव्याचेही खोटे दाखले निघतात, आणि ते दरवर्षी कोणी तपासत नाही.

सुरुवात नव्या हॉटेलांपासून करावी. शंभर खोल्यांना समजा साठ नोकर लागणार असतील, तर निदान तीस खाटा आराखड्यातच दाखवायला लावा. त्याऐवजी पैसे भरायची सवलत नको, कारण नगरपरिषदेच्या खात्यात पडलेल्या पैशाला जमीन मिळेपर्यंत जमिनीचा भाव पुढे गेलेला असतो. खाटा तयार नसतील, तर हॉटेलला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.