आधी कर्नल, मग कधीतरी ड्रायव्हर, हे बस झालं आता!

परत तेच! रात्री लिनक्सचा अपडेट मारला, सकाळी फोंड्याच्या दुकानात मशीन चालू केलं तर स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर, अक्षरं फुगलेली, फॅन घोंघावतोय कारण सगळं चित्र आता सीपीयूच काढतोय. चवथीच्या नाटकाचं बॅनर अर्धवट आणि नाट्यमंडळाचे काका समोर उभे, "झालं काय रे बाबा?" काय सांगू त्यांना? नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला पण त्याला जुळणारा साइन केलेला (डिजिटल सही असलेला) ग्राफिक्स ड्रायव्हर अजून रिपॉझिटरीत, जिथून अपडेट येतात तिथे, आलाच नाही म्हणून?

अरे, ड्रायव्हरचं साइन केलेलं मॉड्यूल त्या एकाच कर्नल व्हर्जनसाठी बांधलेलं असतं ना? मग दोन्ही एकत्र सोडायला काय होतं? ड्रायव्हर तयार होईपर्यंत कर्नल थांबवा की! डीकेएमएसने (ड्रायव्हर आपल्याच मशीनवर बांधणारं साधन) घरीच बांधावं तर सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारं कुलूप, आडवा येतो, एरर येते 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. मग स्वतःची की (सहीची किल्ली) बनवा, मोकयुटिल कमांडने ती मशीनमध्ये नोंदवायला टाका, पासवर्ड द्या, रीबूट करा, की मंजूर करायची निळी स्क्रीन आली की १० सेकंदांत बटण दाबा, चुकलं तर सरळ पुढे बूट, परत पहिल्यापासून, त्यात पावसाने मध्येच लाइट गेली.

आणि "सिक्युअर बूट बंदच कर" म्हणणाऱ्यांचा तर जास्तच राग येतो. कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवायचं का?

शेवटी ग्रबमधून (मशीन सुरू होताना येणारा मेनू) जुना कर्नल निवडला तेव्हा बॅनर पुढे सरकलं. दर अपडेटला हेच करत बसू?