ऱ्हाइन नदीपलीकडील रोमन मोहिमांविषयी खुलासा
इ.स. ९ मध्ये आजच्या जर्मनीतील ट्यूटोबर्गच्या जंगलात आर्मिनियस या जर्मन टोळीप्रमुखाने रोमन सेनापती व्हारसच्या तीन पलटणी कापून काढल्यानंतर रोमन सैन्याने ऱ्हाइन नदी पुन्हा कधीच ओलांडली नाही, असे सांगितले जाते. ते खरे नाही. इ.स. १४ ते १६ या काळात रोमन सेनापती जर्मानिकसने नदीपलीकडे सलग मोहिमा काढल्या, जुन्या रणभूमीवर विखुरलेल्या रोमन सैनिकांच्या अस्थी सन्मानाने पुरल्या आणि गमावलेल्या तीन गरुडध्वजांपैकी (पलटणींच्या मानचिन्हांपैकी) दोन परत मिळवले. या मोहिमा थांबल्या त्या सम्राट टायबेरियसच्या आदेशाने, आणि त्या निर्णयाचे महत्त्व आर्मिनियसच्या विजयापेक्षा कमी लेखणे अन्यायाचे आहे. शिवाय, २००८ मध्ये उजेडात आलेल्या जर्मनीतील हार्झहॉर्न येथील रणभूमीच्या अवशेषांवरून, तिसऱ्या शतकातही रोमन फौजा आजच्या लोअर सॅक्सनीपर्यंत आत जाऊन लढत होत्या, हे सिद्ध झाले आहे.