मोकळ्या कसल्या, कुपनांवर होत्या त्या!

"दुसऱ्या महायुद्धाने बायकांचे कपडे सुटसुटीत केले, बायका मोकळ्या झाल्या" अशा पोस्टी अधूनमधून फिरत असतात. सोबत डोक्याला रुमाल बांधलेली, हसरी कामगार बाई. तो फोटो मलाही आवडतो, पण मोकळ्या वगैरे काही पटत नाही.

ब्रिटनचंच घ्या. १ जून १९४१ ला तिथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. लोकरीच्या एका ड्रेसलाच ११ जायची, स्टॉकिंग्जच्या जोडीला २. पुढे कुपनं घटतच गेली. १९४२ मध्ये तर सरकारने थेट शिंप्याच्या कात्रीलाच हात घातला. ड्रेसला खिसे जास्तीत जास्त २, बटणं ५, स्कर्टला शिवणी ६, चुण्यासुद्धा मोजून! (२ खिसे वाचून हेवा वाटला. आमच्या कुर्त्यांना अजून एक मिळायची मारामार.) हे 'युटिलिटी' म्हणजे सरकारने ठरवून दिलेले कामापुरते कपडे बेतायला राणीचे कपडे करणाऱ्या नॉर्मन हार्टनेलसारख्यांना बसवलं होतं, त्यामुळे ते दिसायला खरंच झकास होते.

पुरुषांच्या पँटची खालची दुमड बंद केली, तर केवढी ओरड झाली! काहीजण मुद्दाम लांब पँट घ्यायचे आणि घरी दुमडून घ्यायचे.

बायकांच्या अंगावर पँट आली ती कारखान्यात आणि शेतात माणसं कमी पडली म्हणून. यंत्रापाशी मोकळे केस म्हणजे जिवाशी खेळ. अमेरिकेत वेरोनिका लेक या नटीची एका डोळ्यावर येणारी बट इतक्या पोरींनी उचलली, की सरकारने तिलाच केस बांधायला लावले. सुटसुटीत कपडे १९३९ च्या आधी कुणाला शिवता येत नव्हते असं थोडंच आहे? तोवर सरकारला या बायकांची गरज नव्हती, इतकंच.

आणि मग फेब्रुवारी १९४७, पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर दिओरचे नवे कपडे. आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत घेरच घेर. ब्रिटनचे व्यापारमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स (हो, आपल्याकडे मिशन घेऊन आले होते तेच) या कापडाच्या उधळपट्टीवर भडकले. बायकांनी त्यांना धूप घातली नाही. याला पीछेहाट म्हणणारे बरेच आहेत. मी नाही म्हणणार. इतकी वर्षं मोजून मापून नेसवलेल्या बाईला घेर हवासा वाटला, तर त्यात तिचं काय चुकलं? कुपनं तर मार्च १९४९ पर्यंत सुटली नव्हती.